किल्ल्यांच्या जुडग्यातला उजेड

"कोणी जिवंत आहे का आत?"

त्याचं पहिलं वाक्य हे होतं. प्रेमाच्या गोष्टी चांदण्यात सुरू होतात असं लोक म्हणतात. हात्सुएची मात्र एका घरामागच्या बोळकांडीत सुरू झाली, आणि तेव्हा ती पोटावर पालथी पडलेली होती.

नागासाकीच्या त्या उतारावर घरं एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी होती. दगडी पायऱ्या चढायच्या, वळायचं, पुन्हा चढायच्या... गाडी, रिक्षा सगळं खाली ट्रामच्या रस्त्यावरच राहायचं. हात्सुए इवानागा शहराच्या पाणीखात्यात मीटर वाचायचं काम करायची. प्रत्येक घरापाशी जमिनीत एक पेटी, पेटीवर लोखंडी झाकण. आकडीने झाकण उचलायचं, काचेवरचा चिखल पुसायचा, वाकून आकडे वाचायचे आणि पुढच्या घरी जायचं. कुणाकडे पेटी अंगणात, कुणाकडे चाफ्याच्या कुंडीखाली. पण तागावा आजींची पेटी होती घर आणि डोंगराची भिंत यांच्या मधल्या फटीत. तिथे भरदुपारीसुद्धा काळोख.

त्या दिवशी बारीक भुरभुर चालली होती. हात्सुए फटीत सरपटत शिरली, किल्ल्यांना अडकवलेला इवलासा टॉर्च दाबला, आणि तो लागला नाही. हलवून पाहिला, तळहातावर आपटून पाहिला. नाहीच. बाहेर फक्त तिचे रबरी बूट दिसत होते, आणि त्या बुटांनाच कुणीतरी विचारत होतं.

"जिवंत आहे," ती आतून म्हणाली. "उजेड नाहीये एवढंच."

"मग बाहेर या. इथे आहे थोडासा."

"बाहेरचा माझ्या काय कामाचा? मीटर आत आहे."

मग किल्ल्यांचा खुळखुळाट झाला आणि तिच्या खांद्याजवळून एक हात आत आला. हातात जुडगं, जुडग्याला लाल प्लास्टिकचा छोटा टॉर्च. तिने तो दाबला. नाण्याएवढा उजेड काचेवर पडला. तिने एकेक आकडा वाचला, आणि शेवटच्या आकड्यावर...

"गेला," ती म्हणाली.

"कोण गेला?"

"तुमचा टॉर्च."

"असं कसं? कालच तर लावला होता."

"कुठून घेतलात?"

तो खाकरला. "माझ्याच दुकानातून," तो म्हणाला.

हात्सुए इतकी हसली की फटीच्या वरच्या पत्र्याला तिचं डोकं लागलं. ती मागे सरकत बाहेर आली. केसांत कोळ्याची जाळी, कोपरांना चिखल. समोर एक उंच, किंचित वाकलेला माणूस छत्री घेऊन उभा होता. ती तर आधीच चिंब भिजलेली होती, तरी त्याने छत्री तिच्यावर धरली. आणि मग त्याचा डावा खांदा भिजू लागला. ते तिने पाहिलं. पाहून न पाहिल्यासारखं केलं, पण पाहिलं.

वर खिडकी सरकली आणि तागावा आजींचं पांढरं डोकं बाहेर आलं. "उराकावाच्या पोरा, गळका नळ माझ्या स्वयंपाकघरात आहे. बोळात काय शोधतोयस?"

"आलो आजी."

"सावकाश ये. नळ काय, सकाळपासून गळतोच आहे."

अशी ओळख झाली. ट्रामच्या थांब्यासमोर नळ, कड्या, बिजागऱ्या, किल्ल्या असलं काय काय विकणारं एक अरुंद दुकान होतं. ते सेइजी उराकावाचं. वडिलांमागून तोच बघत होता. मोठा भाऊ ओसाकाला, त्याचा तिथे नळाचे भाग बनवायचा कारखाना. 'इथे बसून खिळे काय मोजतोस, इकडे ये' असा त्याचा दर सणाला फोन. सेइजी 'बघू' म्हणायचा. त्याचं ते 'बघू' सगळ्या उताराला ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी काम संपवून हात्सुए दुकानात गेली. मेलेला लाल टॉर्च परत द्यायला, असं तिने स्वतःला सांगितलं.

"मोठा टॉर्च का नाही वापरत?" त्याने विचारलं. "हा घ्या. जहाजावरचे लोक नेतात."

"तो पिशवीत राहील, पिशवी पायरीवर राहील आणि मी बोळात. एका हातात आकडी, दुसऱ्यात पॅड. कमरेला कायम असतात त्या किल्ल्याच. उजेड फार नको मला, काचेपुरता पुरे. पण किल्ल्यांबरोबर दिवसभर आपटला, पावसात भिजला, पायरीवरून गडगडला, कधी खिशात विसरून धुण्यात गेला... तरी दाबल्यावर लागला पाहिजे. बस, एवढंच."

"एवढंच," तो म्हणाला. "इतकं टिकणारं माणूससुद्धा मला अजून भेटलेलं नाही."

"मी माणूस कुठे मागतेय? टॉर्च मागतेय."

तो मान खाली घालून हसला. हसताना त्याचे कान लाल होतात हे तिला तेव्हा कळलं.

मग सुरू झाला शोध. सेइजी घाऊक बाजारातून निरनिराळे टॉर्च आणायचा, हात्सुए ते किल्ल्यांना लावून उतारावर हिंडायची, आणि काही दिवसांनी परत यायची. पहिल्याचं बटण खिशातल्या खिशात दाबलं जायचं. दिवसभर तिच्या पदरचा उजेड तिच्याच खिशाला मिळायचा, आणि गरज पडेपर्यंत सेल संपलेला. दुसऱ्याची कडी झिजून तुटली. किल्ल्या कमरेला राहिल्या आणि टॉर्च गटारात. तिसऱ्याचं झाकण चालता चालता आपोआप फिरत जायचं. एक दिवस ते पडलं ते कुठे, देव जाणे. चौथा दिसायला देखणा होता. त्याला पाण्याचा एक थेंब सोसला नाही.

"काय झालं याला?" सेइजी विचारायचा.

"सर्दी."

"आणि याला?"

"धुण्यात गेला होता. बाबांच्या लोकरी मोज्यांबरोबर. मोजे नीट आहेत."

मेलेले टॉर्च तो टाकून देत नसे. गल्ल्यामागच्या खिळ्याला एकेक अडकवून ठेवायचा. गिऱ्हाईक विचारायचं, हे विकायला आहेत का? सेइजी म्हणायचा, "छे. हे कामावर असताना गेलेत. त्यांचा मान ठेवायला नको?"

हात्सुए यायची, तेव्हा तो चहा करायचा. दुकानात एकच स्टूल होतं. ते तो तिला द्यायचा आणि स्वतः गल्ल्याला टेकून उभा राहायचा. बोलणं टॉर्चचंच. स्प्रिंग, काच, कडी... पण बोलता बोलता ट्राम यायची, जायची, पुन्हा यायची. "ही चुकली," हात्सुए म्हणायची. "दुसरी येईल," तो म्हणायचा. दुसरीही चुकायची.

घरी बाबा विचारायचे, "पाणीखात्याचं काम वाढलंय वाटतं?" बाबांनी जन्म गोदीत काढला होता. आदल्या वर्षी पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं, त्यातून ते उठले होते, आणि आता घरात बसून फक्त मुलीचं तोंड वाचायचे. ते वाचायला त्यांना टॉर्च लागत नसे.

हिवाळा गेला, चेरी फुलून झडून गेली. एक दिवस हात्सुए लंगडत दुकानात आली. वरच्या आळीत एका काळोख्या जिन्यावर टॉर्च विझला आणि पायरी चुकली. गुडघा फुटला होता, रक्त वाळलं होतं. ती हसत हसत सांगत होती, पण सेइजी हसला नाही. त्याने औषधाची डबी आणली, तिच्यासमोर खाली बसला आणि कापूस भिजवून तिच्या हातात दिला. स्वतः लावला नाही. फक्त ती लावत असताना तोंड दुसरीकडे करून बसून राहिला.

"दुखतंय?" त्याने भिंतीला विचारलं.

"थोडं."

मग तो उठला. खिशातून स्वतःच्या किल्ल्या काढल्या. त्या जुडग्याला एक टॉर्च होता, बोटाएवढा, धातूचा, काळ्या रंगाचा. त्याला बटण नव्हतं. डोकं पिळलं की लागायचा, उलट पिळलं की विझायचा. कडी वेगळी डकवलेली नव्हती, अंगातूनच निघालेली जाड कडी. झाकणाच्या आत रबराचं कडं. सेइजीने नखाने जुडग्याचं कडं उघडलं, तो टॉर्च आपल्या किल्ल्यांमधून काढला आणि तिच्यापुढे धरला.

हात्सुएने तो हातात घेतला. त्याच्या कडांचा काळा रंग उडाला होता. किल्ल्यांच्या दात्यांनी घासून घासून तिथे चांदीसारखी चमक आली होती. आणि तो गरम होता, माणसाच्या अंगाइतका.

"हा वापरलेला दिसतोय," ती म्हणाली.

"हो. मी वापरला. बादलीत बुडवला, जिन्यावरून टाकला, आईच्या धुण्यात घातला."

"मला नवा नाही का द्यायचा?"

"नवे असताना सगळेच टिकतात हो," तो म्हणाला.

तिने टॉर्च पिळला. उजेड त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणावर पडला, आणि तिथेच जरा वेळ राहिला.

तो टॉर्च बिघडला नाही.

पावसात बिघडला नाही, पायऱ्यांवर गडगडला तरी बिघडला नाही. एकदा खरंच विसरून धुण्यात गेला. दोरीवर कपडे घालताना तिच्या हाताला लागला, तिने त्याचं डोकं पिळलं, आणि टप्पकन उजेड. एखादी वस्तू टिकली म्हणून तिला वाईट वाटण्याची ती पहिलीच वेळ. एकदा तिच्या मनात आलं, द्यावा दगडावर आपटून... तिने हात वरही नेला. पण त्या झिजलेल्या कडांकडे पाहिलं आणि तो खिशात ठेवून दिला.

आता दुकानात काय म्हणून जायचं? त्या काळी, त्या उतारावर, एकट्या पुरुषाच्या दुकानात मुलगी उगाच जाऊन बसली तर संध्याकाळपर्यंत वरच्या देवळापर्यंत बातमी जायची. टॉर्च मेला, हे कारण होतं. टॉर्च जिवंत आहे, हे काही कारण नव्हे.

ती ट्रामच्या थांब्यावर उभी राहायची तेव्हा तो नेमका दुकानापुढचा कापडी पडदा गुंडाळायला बाहेर यायचा.

"चालतोय?" तो विचारायचा.

"चालतोय."

"बरं."

"बरं."

ट्राम यायची. ती आता एकही ट्राम चुकवत नसे.

असं करता करता उन्हाळा सरला, पानं तांबूस झाली. तागावा आजी एक दिवस खिडकीतून म्हणाल्या, "काय गं मीटरवाले, बॅटरी मिळाली आणि खालची वाट विसरलीस?"

"तसं नाही आजी. पण कारणच उरलं नाही."

"कारण लागतं का? साधे आभार तरी मानलेस का त्या पोराचे?"

खरंच की. आभार. इतकं सरळ कारण आपल्याला सुचलं नाही याचं हात्सुएला हसू आलं. सुट्टीच्या दिवशी ती चांगल्या दुकानात जाऊन कास्तेरा घेऊन आली, तोच अंड्याचा पिवळाधमक केक, जो नागासाकीत येणाजाणाऱ्यापासून देवापर्यंत सगळ्यांना चालतो. घरी आल्यावर लक्षात आलं, भेटीवर रीतीप्रमाणे लावायचा कागद आणि दोरी आणायची राहिली. तिने कपाटाचा खण उघडला. पांढरा कागद होता, लाल-पांढऱ्या दोरीची तयार गाठ होती. तिने घाईघाईने लावली, केसांवरून हात फिरवला आणि पायऱ्या उतरली. उतरताना दोनदा पाऊल चुकलं, आणि अंधार काही नव्हता.

सेइजी एकटाच होता. तिला पाहून त्याचा चेहरा असा उजळला की ती काय बोलायचं ठरवून आली होती तेच विसरली.

"बिघडला?" त्याने विचारलं.

"नाही... मी आभार मानायला आले. इतके दिवस राहूनच गेलं." तिने दोन्ही हातांनी डबा पुढे केला.

त्याने दोन्ही हातांनी घेतला. खाली पाहिलं. गाठीवर त्याची नजर थांबली, आणि थांबूनच राहिली. तो उजळलेला चेहरा हळूहळू मावळला. मग तो वाकला, गरजेपेक्षा खूप खाली.

"समजलं," तो म्हणाला. "तुम्हाला खूप त्रास झाला. माझ्याच लक्षात यायला हवं होतं."

"त्रास कसला?"

तेवढ्यात एक बाई गळका पाइप घेऊन आत शिरल्या. सेइजी त्यांच्याकडे वळला. स्टूल तिथेच होतं, पण त्याने बसा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी पडदा गुंडाळायला तो बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. एकदा तिने रस्त्यावरून आत डोकावलं. गल्ल्यामागचा खिळा रिकामा होता.

ती खूप आठवून पाहायची. काय बोललो आपण? काय बोललो नाही? कास्तेरा आवडत नसेल? पण नागासाकीत कास्तेरा न आवडणारा माणूस...

वर्ष संपत आलं. एका संध्याकाळी कचेरीतल्या साहेबांनी तिला हाक मारली. "इवानागा, उद्या ट्रामच्या थांब्यापाशी उराकावांकडे जाऊन ये. शेवटचं रीडिंग घे आणि पाणी बंद कर. दुकान बंद करताहेत. भावाकडे ओसाकाला चाललेत म्हणे."

हात्सुए 'हो' म्हणाली. कोट चढवला, ट्राममध्ये बसली, घरी आली, भात लावला. जेवताना बाबा म्हणाले, "नव्या वर्षासाठी कागद-दोऱ्या बघत होतो. माझ्या आजारपणातली एक गाठ उरली होती. तू घेतलीस?"

"हो. आभाराची भेट द्यायची होती. उराकावांना."

बाबांनी वाडगा खाली ठेवला. "कुठली गाठ? घट्ट, टोकं वर असलेली?"

"लाल-पांढरी होती. शुभ रंग होता म्हणून..."

"रंग पाहिलास. गाठ पाहिलीस?"

हात्सुएच्या हातातल्या जेवायच्या काड्या थांबल्या.

"आजारातून उठलो तेव्हा भेटायला आलेल्यांना आपण जी भेट दिली, तिची गाठ आहे ती," बाबा सावकाश म्हणाले. "न सुटणारी. आजाराला आणि लग्नाला, जे आयुष्यात एकदाच व्हावं त्याला. साध्या आभाराला फुलासारखी गाठ बांधतात. ओढली की सुटते, पुन्हा बांधता येते. पुन्हा पुन्हा होवो म्हणून."

"माहीत आहे मला, बाबा."

"मग हातांना माहीत नव्हतं का?"

त्या डब्यावर नजर थांबलेला त्याचा चेहरा तिच्यासमोर आला. *समजलं*, तो म्हणाला होता. झालं तेवढं झालं, आता पुन्हा नको... असं तिने त्याला दोन्ही हातांनी दिलं होतं, वर हसून.

"त्या माणसाला वाटलं असेल," बाबा म्हणाले, "या मुलीने किती सभ्यपणे दार लावलं." मग तिच्याकडे पाहून त्यांचा आवाज मऊ झाला. "जेव आधी. उद्या पाणी तूच बंद करणार आहेस ना? मग घाई कसली? तू गेल्याशिवाय ते बंद होत नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तीच भुरभुर. हात्सुए दुकानापाशी आली तेव्हा समोरची फळी अर्धी लावलेली होती, आत खोकी रचलेली. तिने हाक मारली नाही. दुकानाचं मीटर कुठे आहे हे तिला ठाऊक होतं, मागच्या भिंतीला लागून, गटाराच्या वरच्या अरुंद फटीत. ती मागे गेली, पोटावर आडवी झाली आणि आत सरपटली. आकडीने झाकण उचललं. कमरेच्या किल्ल्या काढल्या, टॉर्चचं डोकं पिळलं.

उजेड काचेवर पडला. आकडे लख्ख होते. ती बघत राहिली आणि ते आकडे एकमेकांत मिसळून गेले.

मागचं दार सरकल्याचा आवाज आला. पावलं आली. थांबली. छत्रीवर भुरभुर वाजत राहिली.

"कोणी जिवंत आहे का आत?" सेइजीने हळू विचारलं.

"आहे."

"उजेड?"

"आहे. तुमचाच आहे."

"मग... आकडा घ्या. मी सही करतो."

"दिसत नाहीये."

"टॉर्च बिघडला?" त्याने इतक्या आशेने विचारलं की हात्सुएला रडता रडता हसू फुटलं.

"नाही बिघडला. तो बिघडतच नाही. त्याच्यामुळेच तर झालंय सगळं." तिने डोळे बाहीला पुसले. "उराकावा-सान, मी बाहेर आले तर मला बोलता यायचं नाही. इथूनच बोलते. ऐकाल?"

"ऐकतोय."

"ती गाठ चुकली. बाबांच्या आजारपणातली उरली होती घरात. मी रंग पाहिला, गाठ पाहिली नाही. घाईत होते... खाली यायच्या घाईत."



"म्हणजे," तो म्हणाला, "पुन्हा नको, असं म्हणायचं नव्हतं?"

"नव्हतं."

"मग काय म्हणायचं होतं?"

"पुन्हा," हात्सुए म्हणाली. "पुन्हा पुन्हा. टॉर्च बिघडला नाही तरी."

तो खाली बसला असावा, कारण त्याचा आवाज आता जवळून आला, तिच्या बुटांपाशी. "मलाही एक सांगायचंय. तो टॉर्च मला हिवाळ्यातच सापडला होता. त्याच्यात काही खोट नाही हेही तेव्हाच कळलं होतं. तरी ठेवून घेतला. वाटलं, दिला की तुम्ही यायच्या बंद."

"आणि मग दिलात का?"

"तुमचा गुडघा फुटला."

एवढंच म्हणाला. हात्सुएने कपाळ हातावर टेकलं. त्या कापसाच्या बोळ्याची, भिंतीला विचारलेल्या त्या प्रश्नाची तिला आठवण झाली. तोंड फिरवून बसलेला तो माणूस तेव्हा काय देऊन टाकत होता, ते तिला आज कळत होतं.

"मी भावाला हो म्हणून बसलोय," तो म्हणाला.

"मग आता?"

"कळवावं लागेल. पाणी बंद होत नाही म्हणून. पाणीखात्याच्या बाई ऐकत नाहीत."

"भाऊ रागावतील."

"रागावू दे. इतकी वर्षं 'बघू' म्हणतोय, त्याला सवय आहे. एकदा 'नाही' ऐकू दे." तो थांबला. "बाहेर येता का? बूट भिजताहेत तुमचे."

"थांबा." तिने पुन्हा काचेकडे पाहिलं. आकड्यांखालचं इवलंसं चक्र हळूहळू फिरत होतं. "आत नळ चालू आहे का? मीटर फिरतंय."

"अरे... चहाचं भांडं ठेवलं होतं नळाखाली."

"एका कपाचं?"

"एकाचंच. पण भांडं मोठं आहे."

हात्सुए मागे सरकत बाहेर आली आणि तिथेच बसली. केसांत जाळी, गालाला चिखल, डोळे लाल. सेइजीने छत्री तिच्यावर धरली आणि त्याचा डावा खांदा भिजू लागला. यावेळी तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं नाही. छत्रीचा दांडा त्याच्या हातासकट धरला आणि मधोमध आणला. मग दुसऱ्या हाताने पॅड गुडघ्यावर ठेवलं, आणि जिथे 'बंद' लिहायचं होतं तिथे लिहिलं, 'चालू'.

आतून पाणी ओसंडल्याचा आवाज येत होता. दोघांनाही तो ऐकू येत होता. कुणीच हललं नाही.

वसंतात, फुलं ऐन भरात असताना, उतारावरचे लोक एकेक करून त्या अरुंद दुकानात दोघांच्या लग्नाच्या आहेराची पाकिटं घेऊन आले. खोकी पुन्हा उघडली होती, गल्ल्यामागच्या खिळ्याला मेलेले टॉर्च पुन्हा रांगेने लागले होते, आणि आता स्टुलं दोन होती. तागावा आजी सगळ्यांत शेवटी आल्या, पायऱ्या उतरून, धापा टाकत.

"घे," त्या पाकीट पुढे करत म्हणाल्या. "मला हल्ली धड दिसत नाही. आणि तुझ्या घराण्यात गाठीचा घोटाळा होतो असं ऐकलंय. तूच बघून घे, बरोबर आहे ना?"

बाबा मोठ्याने हसले. सेइजीचे कान लाल झाले.

हात्सुएने कमरेच्या किल्ल्या काढल्या. टॉर्चचा काळा रंग आता जवळजवळ सगळाच उडाला होता. तिने डोकं पिळलं आणि भरदुपारी तो एवढासा उजेड आजींच्या पाकिटावर धरला. लाल-पांढरी दोरी, घट्ट, टोकं वर. सुटायची नाही अशी.

"बरोबर आहे आजी," ती म्हणाली.